ब्रेक्केबाईंच्या टायरांचा माग

"जगात खरे गुप्तहेर दोनच. एक मी, आणि दुसरा अजून जन्माला यायचाय," असं ऑर्व्हिल स्कोगेन रोज सकाळी कॉफीच्या पहिल्या घोटाबरोबर सांगत. विस्कॉन्सिनमधल्या त्या जिल्ह्यात त्यांचं सरकारी पद होतं 'भंगार टायर निरीक्षक'. ते त्यांना फार पोकळ वाटे, म्हणून दारावरची पाटी त्यांनी स्वतःच रंगवून घेतली होती: 'रबर-गुन्हे अन्वेषण'. या विभागाचा सगळा फौजफाटा म्हणजे त्यांची थोरली वहिनी डोर्थीया. कॉफी तीच करी, आणि दोघांच्या वतीने मनातल्या मनात देवाची क्षमाही तीच मागे.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी मेव्हिस ब्रेक्के घाबऱ्याघुबऱ्या आत आल्या. मे महिन्यात नवरा आर्ने गेल्यापासून भंगार टायरांचं आवार त्या एकट्याच सांभाळत होत्या.

"ऑर्व्हिल, माझा अर्धा ढीग गेला रे! आठवडाभर बहिणीकडे काय गेले, परत येऊन पाहते तर हे!"

प्रकरण साधं नव्हतं. आवारातून निघालेला टायर परवान्याच्या गाडीतून, पावतीनिशी, पुनर्वापराच्या कारखान्यातच पोचला पाहिजे असा नियम. नाहीतर तो कुठल्यातरी ओढ्याकाठी पडतो आणि डासांचं बाळंतघर होतो. शुक्रवारी राज्याच्या तपासनीस कोवाल्केबाई येणार होत्या. ढिगाचा पत्ता लागला नाही तर परवाना रद्द, आणि मेव्हिसबाईंची चूल बंद.

"घरी काही संशयास्पद?" ऑर्व्हिलनी डोळे बारीक केले.

"नाही रे. पायरीवर कुणीतरी बटाट्याचा हॉटडिश, भट्टीत भाजलेला, भांड्यासकट ठेवून गेलं होतं. दुखवट्याचा असेल. हा बघ, तुमच्यासाठीच आणलाय."

"दुखवटा मे महिन्यात झाला, बाई! ही लाच आहे, तोंड बंद ठेवायची. पुरावा तपासलाच पाहिजे. वहिनी, काटा आणा."

पुरावा इतका कसून तपासला गेला की भांडं धुवायचीही गरज उरली नाही.

पहिला निष्कर्ष निघाला शिकागोच्या टोळीचा. ती म्हणे टायर वितळवून तेल काढते.

"टोळीवाले हॉटडिश करतात, भावजी?"

"तीच तर त्यांची धूर्तता!"

दुसऱ्या दिवशी संशय सरकला पाद्रीबुवांकडे, कारण चर्चच्या अंगणात टायरचा झोपाळा होता.

"अहो, हा एकच टायर आहे," पाद्री कळवळून म्हणाले.

"मग बाकीचे कुठे टांगलेत, तेच तर विचारतोय!"

गुरुवारी तिसरा सिद्धांत आला. टायर गोल, आवाराला उतार, म्हणजे ते आपले आपणच निघून गेले असणार. प्रयोगासाठी ऑर्व्हिलनी एक टायर उतारावरून सोडला. तो खरोखरच गेला, थेट त्यांच्या सरकारी गाडीच्या काचेतून आत. "आरोपी गाडी चालवायलाही शिकलेत," त्यांनी नोंद केली.

शुक्रवार उजाडला. "आता उंचावरून पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही," असं म्हणून ते वहिनी आणि मेव्हिसबाईंना घेऊन शेतकरी सेल्मर हाउगेनच्या गोठ्यावर गेले. त्या सपाट मुलखात सगळ्यांत उंच काय, तर सेल्मरचा मुरघासाचा, म्हणजे गाईंसाठी हिवाळ्याला मुरवत ठेवलेल्या चाऱ्याचा, ढीग. कापलेल्या मक्यावर पांढरं प्लास्टिक घट्ट अंथरलेलं. ऑर्व्हिल दुर्बीण घेऊन भराभरा वर चढले.

"पाय ठेवायची सोय छान आहे हं इथे!"

"दिसतंय का रे काही?" खालून मेव्हिसबाईंनी विचारलं.

"क्षितिजापर्यंत एक टायर नाही, बाई! फार मोठी टोळी आहे."

सेल्मर धारा काढून बाहेर आला. "काय शोधतोय हा?"

"मेव्हिसबाईंचे टायर," डोर्थीया म्हणाली.

"मग त्यांच्यावरच का उभा राहिलाय?"

सगळ्यांनी वर पाहिलं. प्लास्टिकवर टायराला टायर लावून ठेवला होता. मुरघास असाच दाबतात. जन्मभर ते दृश्य पाहून पाहून आता ते कुणाला दिसतच नव्हतं.

"दरवर्षी आर्नेकडून नेतो आणि वसंतात परत देतो," सेल्मर मान खाली घालून म्हणाला. "आसपासचे सगळेच नेतात. यंदा तू दुःखात, म्हटलं विचारून त्रास कशाला द्यायचा? आईने हॉटडिश ठेवला होता ना?"

"आर्ने मला कधी बोललाच नाही. आणि हॉटडिश मला वाटलं दुखवट्याचा. मग कुणाचा म्हणून कसं विचारायचं?"

त्या जिल्ह्यात कुणी कुणाला काही विचारत नसे. त्याला तिकडे सभ्यता म्हणत.

"मुद्देमाल जप्त!" वरून गर्जना झाली, आणि ऑर्व्हिल धडाधड टायर खाली भिरकावू लागले. तेवढ्यात वारा सुटला, प्लास्टिक फडफडून शिडासारखं फुगलं.

"अरे, हवा शिरली तर कुजेल सगळं!" सेल्मर ओरडला. " हिवाळ्यात गाई काय तुझी दुर्बीण खातील? पड! आडवा पड!"

जगातला पहिला गुप्तहेर हातपाय पसरून पालथा पडला. त्याच वेळी कोवाल्केबाईंची गाडी येऊन उभी राहिली. आवाराला कुलूप दिसलं म्हणून त्या विचारत विचारत इथवर आल्या होत्या.

मेव्हिसबाईंनी सगळं सांगितलं. कोवाल्केबाईंनी नियमावली उघडली. "शेतीच्या कामात असलेला टायर भंगार धरू नये. हे बारावं पान. तुमच्या निरीक्षकांनी वाचलं नाही?"

"ते गुन्हे शोधतात," डोर्थीया म्हणाली, "पानांपर्यंत वेळ पोचत नाही."

"परवाना राहील. पुढच्या वर्षी मात्र एकमेकांना सांगत जा."

मेव्हिसबाई तिथल्याच एका टायरवर मटकन बसल्या, आणि मे महिन्यापासून अडलेलं रडू एकदाचं वाहू लागलं. सेल्मर शेजारच्या टायरवर बसला.

कोवाल्केबाईंनी वर पाहिलं. "आणि ते आडवे पडलेत ते?"

डोर्थीयाने दिराकडे पाहिलं. खोटं बोलायचा तिला सरावच नव्हता.

"तेही सध्या शेतीच्या कामात आहेत, बाई," ती हळूच म्हणाली. "भंगार धरू नका."