पाहुण्यांचं टेबल

१९८८ सालची गोष्ट. अलाबामातलं आमचं ट्रॉटर हिल कॉलेज काळ्या मुलांसाठी निघालेलं. त्या वर्षी तिथे गोरा एकटाच होता, वेंडेल क्रूस. पलीकडच्या गावच्या शेतकऱ्याचा लाजाळू मुलगा. ऑगस्टपासून तो जेवणघराच्या कोपऱ्यात, पांढरं कापड घातलेल्या टेबलावर, चिनी मातीच्या बशीत एकटाच जेवत होता.

याला कारण वाढणाऱ्या मिस अर्नेस्टीन. त्यांच्या उभ्या आयुष्यात त्या दारातून आलेला गोरा माणूस एकतर देणगीदार असायचा, नाहीतर तपासणीचा साहेब. त्यामुळे वेंडेल दिसला की त्या त्याला रांगेतून काढून पाहुण्यांच्या टेबलावर नेत. मोठ्यांना उलटून बोलायचं नाही, ही त्याच्या आईची शिकवण. त्या टेबलाजवळ आम्ही कुणी जात नसू. कुणाशेजारी तरी बसून जेवावं, एवढीच बिचाऱ्याची इच्छा.

ऑक्टोबरात आमच्या वर्गातल्या लव्हॉनने वादसभा ठेवली: आपल्या कॉलेजात गोरी मुलं जास्त यावीत का? शुक्रवारी तळलेला मासा असायचा, त्या वेळी सभेला कुत्रं फिरकलं नसतं. म्हणून तिने सभा मासळीच्या रांगेतच भरवली.

"सगळा देश त्यांचाच आहे की," रांगेत उभा असलेला आमचा वर्गमित्र ओटिस म्हणाला. "ही एक जागा अशी, जिथे वर्गात शिरताना आपल्यासारखे किती, हे बघावं लागत नाही. तेवढी तरी राहू दे ना बाई."

"माझ्या आजीला गोऱ्यांच्या खाणावळीत मागच्या दाराने आत घ्यायचे," लव्हॉन म्हणाली. " आता आपणही दारं लावत बसायचं का?"

"दार उघड की खुशाल. पण मासा आधी मला!"

हशा पिकला. तेवढ्यात, "सरका रे! साहेबांना वाट द्या!" मिस अर्नेस्टीन वेंडेलचं मनगट धरून पुढे आल्या. परातीत एकच मासा उरला होता आणि नंबर ओटिसचा होता. मासा वेंडेलच्या बशीत पडला.

"घ्या!" ओटिस ओरडला. "सभा संपली. एकच आला आणि मासा खलास!"

वेंडेल कानापर्यंत लाल झाला. "मिस अर्नेस्टीन, मी पाहुणा नाही हो. मी इथे शिकतो. ओटिसच्या शेजारच्या खोलीत राहतो."

"कधीपासून?"

"ऑगस्टपासून."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तुम्ही सारखं वाढत होता..."

"मेल्या! तुझे नॅपकिन रोज इस्त्री करतेय मी! ठेव ती बशी, मासा ओटिसचा. ट्रे उचल आणि रांगेत सगळ्यात मागे हो!"

बक्षीस लागल्यासारखा वेंडेल मागे धावला. त्याच्या वाट्याला पाव आणि घेवडा आला. ट्रे घेऊन तो घुटमळत असताना ओटिसने पायाने शेजारची खुर्ची बाहेर सरकवली आणि अर्धा मासा मोडून त्याच्या पावावर ठेवला.

"माझं मत बदललेलं नाही हं. आणि तिखट सॉस घालणार नसशील तर मासा परत दे."

मतदान राहूनच गेलं.

ओटिस पुढे न्यायाधीश झाला, लव्हॉन त्याच कॉलेजची अध्यक्ष. दोघांनी लग्न केलं आणि त्या विषयावर ती अजून भांडतात. वेंडेलने बियाण्यांच्या धंद्यात बक्कळ कमावलं आणि कॉलेजला नवं जेवणघर बांधून दिलं. उद्घाटनाला लव्हॉनने त्याच्यासाठी पांढऱ्या कापडाचं टेबल मांडलं. फीत कापायला मिस अर्नेस्टीन काठी टेकत आल्या होत्या. वेंडेल टेबलाकडे वळताच त्यांनी काठी उगारली.

"ए! मागे हो."

देणगीदार साहेबांनी निमूटपणे ट्रे उचलला. रांगेच्या शेवटी न्यायाधीश उभे होतेच.

"आज तरी," ओटिस म्हणाला, "माझा नंबर आधी."