दिवसभर घरी कोण असतं?

माणूस घरात आणताना फार चौकशी करू नये आणि कुत्रा आणताना चौकशीत कसूर ठेवू नये, हे सुसंस्कृत समाजाचं लक्षण आहे. मूल होण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. लग्नाला तर हल्ली पत्रिकाही बघत नाहीत (बघतात, पण बघत नाही असं सांगतात). कुत्रा दत्तक घ्यायचा म्हटलं की मात्र घराची रीतसर पाहणी होते, आणि ती झालीच पाहिजे, असं वर्तकनगरच्या ऋजुताचं ठाम मत होतं. तिच्या घरी मस्का आणि पोहा असे दोन कुत्रे आधीच होते. (ठाण्यात हल्ली मुलांची नावं संस्कृतात ठेवतात आणि कुत्र्यांची नाश्त्यात.) आता कल्याणजवळच्या मोहने गावात कारखान्याच्या भिंतीपाशी सापडलेली, मागच्या पायाने लंगडणारी चकली येऊ घातली होती. एक कुत्रा म्हणजे हौस, दोन म्हणजे सोबत, आणि तीन झाले की कुटुंब पूर्ण होतं, असं ऋजुताचा नवरा स्वानंद सगळ्यांना सांगत असे.

स्वानंदचे वडील महिपतराव यांचा या कुटुंबविस्ताराला तत्त्वतः विरोध नव्हता. त्यांना फक्त महिनाभर लांज्याला जायचं होतं. तिथे त्यांची थोरली बहीण गंगुबाई, म्हणजे अक्का, एकटी राहत होती. "महिपत, मला दिसतंय तोवर येऊन जा," असं ती दर फोनला म्हणे. पण एका वर्षी मस्का आला, तो पिल्लू होता. पुढच्या वर्षी पोहा आला, त्याला गोचिडताप होता. दोन्ही वेळा स्वानंद म्हणाला, "बाबा, पुढच्या वर्षी नक्की." या वर्षी महिपतरावांनी कुणाला न विचारता बॅग भरली आणि दिवाणाखाली सरकवून ठेवली.

पाहणीच्या दिवशी ऋजुताने पोहे केले (खायचे). फरशी पुसली, सोफ्यावरचे केस काढले आणि मग सासऱ्यांकडे बघितलं. घरात म्हातारी माणसं असली की दत्तक संस्थेचे पाहणीवाले नापास करतात, असं तिच्या कल्याणच्या मैत्रिणीने, कल्पिताने, तिला सांगितलं होतं. कल्पिताच्या घरी सगळं जुळत आलं होतं, पण तिच्या सासूबाईंनी पाहणीला आलेल्या समितीला अभिमानाने सांगितलं की आमच्याकडे एकादशीला कुत्राही साबुदाण्याची खिचडीच खातो. तिथेच मोडलं. म्हणून महिपतरावांना सोसायटीच्या बागेत बसायला पाठवण्यात आलं. मुलगी बघायला येतात तेव्हा जास्त बोलणाऱ्या काकांना दूध आणायला पाठवतात, तशातलाच हा प्रकार.

समितीत कादंबरी आणि सुमित असे दोघे होते. बरोबर चकली होती. सुमितने बाल्कनीच्या ग्रिलमधलं अंतर टेपने मोजलं. कादंबरीने विचारलं की फरशी घसरडी आहे का, दिवाळीत फटाके किती जवळ वाजतात आणि घरात ताणतणाव आहे का. (शंभरातल्या ऐंशी घरांत ताण असतो. उरलेल्या वीस घरांत पाहणीच्या वेळी नवरा बाहेर गेलेला असतो.) सगळं उत्तम चाललं होतं.

"दिवसभर घरी कोण असतं?" कादंबरीने विचारलं.

स्वानंदचं ऑफिस माजिवड्याला, ऋजुताचं त्याच्या पुढे. सकाळी नऊला कुलूप लागावं अशीच घराची आखणी होती.

"चार तासांपेक्षा जास्त एकटं ठेवता येत नाही," कादंबरी म्हणाली. "इट्स अ स्ट्रिक्ट रूल. त्यांना अँग्झायटी होते. मग सॉरी हां."

"एक मिनिट थांब," म्हणत ऋजुता बाल्कनीत धावली. "बाबा, वर या लवकर. तुम्ही इथेच राहता."

महिपतराव वर आले आणि पाहता पाहता पहिल्या वर्गात पास झाले. निवृत्त, निर्व्यसनी, आवाज खालच्या पट्टीतला. मधुमेह असल्यामुळे घरात गोड बिस्किटं नाहीत. मित्र फारसे उरलेले नाहीत, त्यामुळे बाहेर जाणं-येणं बेताचं (ही मोठीच जमेची बाजू). असा माणूस आपल्याकडे आहे हे ऋजुताच्या आजवर लक्षातच आलं नव्हतं. तिला त्यांचा अभिमान वाटला.

"आजोबा, बाहेरगावी वगैरे जाणं नाही ना?"

"जायचंय की. लांज्याला, महिनाभर. बहीण एकटी असते माझी."

"किती तास?" कादंबरीने सवयीने विचारलं.

"तास नाही हो मोजले. भावजी गेले तेव्हापासून."

ऋजुताने स्वानंदकडे बघितलं. स्वानंदने पंख्याकडे बघितलं.

"या तिघांना बरोबर नेतो," महिपतराव म्हणाले. "अंगण मोठं आहे तिथे."

"पहिले सहा महिने जिल्ह्याबाहेर नाही नेता येत, आजोबा."

"असं होय. आणि तुमचा तो चार तासांचा नियम माणसांना लागू होतो का हो?"

कादंबरी प्रामाणिक मुलगी होती. तिने थोडा विचार केला. "नाही आजोबा," ती म्हणाली, "आमच्याकडे तो विभाग नाही."

एव्हाना चकली महिपतरावांच्या पायावर हनुवटी टेकून झोपली होती. ही कुत्री माणसाच्या जवळ जात नाही, असं समितीने सुरुवातीलाच बजावलं होतं. नाही म्हटलं तर ती पुन्हा कुठल्या तरी पिंजऱ्यात जाणार, हे महिपतरावांना कळत होतं. त्यांनी पाय हलवला नाही.

"राहू दे," ते म्हणाले. "नाही जात."

"पुढच्या वर्षी नक्की, बाबा," स्वानंद म्हणाला, आणि त्याचे डोळे खरोखरच भरून आले. मग फोटो काढला. त्यात स्वानंद आहे, ऋजुता आहे, तिन्ही कुत्रे आहेत आणि चकलीच्या हनुवटीखाली महिपतरावांचा एक पाय आहे. खाली लिहिलं होतं, "आमचं कुटुंब आज पूर्ण झालं."

फोटोखाली अनोळखी लोकांनीही चकलीची मनापासून विचारपूस केली. वाचकांनाही तिची काळजी लागली असेल, म्हणून सांगायला हवं की तिचा पाय आता बरा आहे, वजन वाढलं आहे आणि फटाक्यांना ती पूर्वीसारखी घाबरत नाही. ऐकून बरं वाटलं ना? लांज्याला आता अक्काला फक्त आवाजावरून माणूस ओळखू येतो. पण तिचं कुणी विचारलं नव्हतं, तुम्हीही नाही.