बटाट्याची मालकीण

बचतरावांनी आयुष्यात एकच गुन्हा केला, आणि तोही पंधरा टक्क्यांसाठी.

(बचतराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका मोठ्या कचेरीत स्टेशनरीच्या गोदामाचे कारकून होते. त्यांच्याकडून नवी पेन्सिल हवी असेल तर जुनीचा तुकडा आणून दाखवावा लागे, आणि तो तुकडा बोटाच्या पेरापेक्षा मोठा निघाला तर ‘अजून आठवडाभर जाईल’ असं सांगून परत मिळे. नाव कचेरीने ठेवलं. घरच्यांनी ते विनातक्रार मंजूर केलं. स्वतःची सहीसुद्धा ते दोन अक्षरांत उरकत. शाई कमी लागते.)

बायकोने एक दिवस मैत्रिणीकडून कुत्र्याचं पिल्लू उचलून आणलं. रंगाने मातकट, अंगाने गोल, म्हणून त्याचं नाव बटाट्या पडलं. लस टोचायला बचतराव त्याला प्राण्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले, आणि काउंटरवरची पाटी वाचून जागच्या जागी थबकले. ‘साठ वर्षांवरील मालकांच्या प्राण्यांना सर्व सेवांवर पंधरा टक्के सवलत.’

बचतराव सत्तेचाळीस वर्षांचे होते. लशीसाठी आणखी तेरा वर्षं थांबणं बटाट्याला परवडण्यासारखं नव्हतं. त्यांनी फॉर्म पुढे ओढला, क्षणभर छताकडे पाहिलं, आणि ‘मालकाचे नाव’ या रकान्यात सासूबाईंचं नाव लिहून टाकलं.

“मालक स्वतः आल्या नाहीत?” काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

“गुडघे,” बचतराव म्हणाले, आणि चेहरा शक्य तितका दुःखी केला.

“मग फॉर्म घरी न्या. त्यांची सही घेऊन या, आणि वयाचा एखादा दाखला.”

दाखल्याची प्रत बचतरावांकडे होतीच. सासूबाईंची सरकारी कामं तेच करत. अडचण सहीची होती. सासूबाई बँकेतून निवृत्त झालेल्या, आणि बँकेत एकतीस वर्षं त्यांचं काम एकच: चेकवरच्या सह्या पडताळणं. भल्याभल्या व्यापाऱ्यांना त्यांनी ‘हा उकार तुमचा नाही’ म्हणून काउंटरवरून परत धाडलेलं. शिवाय कुत्रा घरात आल्यापासून त्यांनी लेकीच्या घरी चहा घेणं सोडलं होतं. अशा बाईला ‘तुम्ही कुत्र्याच्या मालक व्हा’ म्हणून सांगायला कोण जाणार?

एका रविवारी बायको बाहेर गेल्यावर बचतराव जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं घेऊन सराव करत बसले. सासूबाईंची सही मोठी झोकदार होती. नावाखालून एक लांब शेपटी निघे आणि पार पहिल्या अक्षरापर्यंत मागे येई. (केवढी ही शाईची उधळपट्टी!) संध्याकाळपर्यंत जानेवारी ते ऑगस्ट भरले, तेव्हा कुठे ती शेपटी जराशी वळायला लागली. मग दर लशीला, दर तपासणीला एक चिठ्ठी घरी यायची, सही होऊन परत जायची. पाचव्या खेपेपर्यंत बचतराव डोळे मिटून सासूबाई होऊ शकत होते.

इथपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं.

एका गुरुवारी बटाट्याने वाटीला तोंड लावलं नाही. दोनदा उलटी केली आणि सोफ्याखाली जाऊन बसला.

“अहो, दाखवून आणा त्याला,” बायको म्हणाली.

“पोट बिघडलंय. एक दिवस उपाशी राहिला की ताळ्यावर येईल. नुसतं बघायचेसुद्धा किती घेतात, माहितेय?”

शुक्रवारी बायकोने पुन्हा सांगितलं. बचतराव म्हणाले, उद्या सुट्टीच आहे, उद्या बघू. शनिवारी सकाळी त्यांनी सोफ्याखाली हात घातला तेव्हा रोज बोटं चाटणाऱ्या बटाट्याने नुसतं डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटून घेतले. रिक्षावाल्याशी भाडं न ठरवता ते रिक्षात बसले, तेव्हा बायकोला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, फोटो काढला आणि तो उजेडावर धरला. “आतड्यात काहीतरी अडकलंय. ऑपरेशन करावं लागेल. आत्ताच. दोन दिवस आधी आणला असता तर कदाचित औषधावर भागलं असतं.”

बायको बचतरावांकडे बघतसुद्धा नव्हती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“खर्च बेचाळीस हजारांच्या घरात जाईल,” डॉक्टर म्हणाले. “विचार करून सांगा, पण लवकर. तासभर गेला तर मग माझ्याही हातात काही उरणार नाही.”

“करा,” बचतराव म्हणाले.

त्यांनी घासाघीस केली नाही. दुसरा दर विचारला नाही. बायकोने दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

तेवढ्यात काउंटरवरच्या बाई कागद घेऊन आल्या. “भूल द्यायची म्हणजे जिवाची जोखीम असते. संमतीवर मालकांची सही लागेल. इथेच, माझ्यासमोर.”

“द्या, मी करते,” बायकोने हात पुढे केला.

“तुम्ही नाही. मालक.”

“अहो, मग तुम्ही करा ना!”

“हेही नाहीत,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी बटाट्याच्या नोंदणीचं कार्ड बायकोपुढे धरलं.

बायकोने ते वाचलं. मग परत एकदा वाचलं. “आई? बटाट्याची मालक माझी आई?”

“पंधरा टक्के होते गं,” बचतराव पुटपुटले. घाईघाईने ते बाईंकडे वळले. “मालक बदलता नाही येणार? आत्ताच्या आत्ता?”

“येईल की. आधीच्या मालकांनी लिहून दिलं की.”

बायकोने फोन लावला. काय बोलली ते बचतरावांना ऐकू आलं नाही, कारण त्यांच्या कानात घंटा वाजत होत्या. आतून डॉक्टरांनी विचारलं, “झाली का सही?” भिंतीवरचा काटा सरकत होता. टेबलावर बटाट्या आडवा पडला होता आणि त्याचं पोट भराभर वरखाली होत होतं. बचतराव मनात म्हणाले, याला वाचव, मी उद्यापासून पेन्सिलींचे तुकडे मोजणार नाही.

विसाव्या मिनिटाला सासूबाई तरातरा चालत आत आल्या.

“गुडघे बरे झालेले दिसतात,” काउंटरवरच्या बाई म्हणाल्या.

“माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय?” सासूबाई म्हणाल्या, आणि मग त्यांनी जावयाकडे पाहिलं. बचतराव फरशीवरचे ठिपके मोजू लागले.

“या कागदावर सही करा, आजी. कार्डावर आहे तशीच. आम्हाला ताडून बघावी लागते.”

सासूबाईंनी पर्समधून चष्मा काढला. पुसला. लावला. कार्ड उचलून खिडकीजवळ नेलं आणि तिरकं धरून पाहिलं. एकतीस वर्षांत जे वाक्य त्या हजारदा बोलल्या असतील, ते आता पुन्हा निघणार होतं. ‘ही सही माझी नाही.’ मग कार्ड खोटं, मालक खोटा, आणि चौकशी संपेपर्यंत टेबलावरचा जीव थोडाच थांबणार होता?

“ही सही...” सासूबाई म्हणाल्या.

“आजी, वेळ नाही हो,” आतून डॉक्टर ओरडले.

सासूबाईंनी आत डोकावून पाहिलं. बटाट्याने मान उचलली नाही, पण ओळखीचं माणूस दिसल्यावर त्याच्या शेपटीचं टोक दोनदा टेबलावर आपटलं. ज्या बाईने त्याच्यापायी चहा सोडला होता, तिच्यासाठी.

सासूबाई परत आल्या. “पेन,” त्या म्हणाल्या.

बचतराव बघत होते. सासूबाईंनी सही केली, पण ती त्यांची झोकदार सही नव्हती. दुसरं अक्षर किंचित लंगडं होतं, आणि शेपटी मध्येच अडखळून मग पुढे गेली होती. अगदी बचतरावांची अडखळते तशी.

बाईंनी दोन्ही सह्या शेजारी धरल्या. “जुळते,” त्या म्हणाल्या, आणि कागद आत गेला.

सासूबाई बाकावर बसल्या. हळूच म्हणाल्या, “एकतीस वर्षांत एक खोटी सही माझ्या नजरेतून सुटली नाही. आज मीच केली. तीसुद्धा स्वतःच्याच नावाची.”



सव्वा तासाने डॉक्टर एक ट्रे घेऊन बाहेर आले. “वाचला,” ते म्हणाले. “आणि हे निघालं.”

ट्रेमध्ये एक राखाडी मोजा होता. अंगठ्याला भोक पडलेला.

“फेका, फेका म्हणून मी वर्षभर ओरडतेय,” बायको म्हणाली, आणि रडायला लागली. बचतरावांनाही हुंदका आवरेना. त्यांना लाज वाटत होती आणि आनंद झाला होता, आणि दोन्ही एकाच रुमालात मावत नव्हतं.

बिल तयार झालं तेव्हा सासूबाई काउंटरपाशी उभ्या राहिल्या. “ती सवलत काढून टाका. मला नको. पूर्ण लावा.”

“आई!” बचतराव कळवळले.

“पूर्ण लावा. आणि पैसे जावई देतील. चेकने द्या हो, जावईबापू, पुरावा राहतो. आणि कुत्रा बरा झाला की माझ्याकडे येईल.”

“तुमच्याकडे?”

“मालक कोण आहे?” सासूबाईंनी विचारलं.

बचतरावांनी भरल्या डोळ्यांनी चेक लिहिला आणि खाली सही केली.

पुढच्या शनिवारी ते बटाट्याला भेटायला सासूबाईंच्या घरी गेले. (भेटीची वेळ चार ते पाच. सासूबाईंनी ठरवून दिली होती.) बटाट्या सासूबाईंच्या खुर्चीशेजारी मऊ गादीवर पसरला होता. घरात मोजा नावाची वस्तू नव्हती.

“दवाखान्यातून फोन आला होता,” सासूबाई म्हणाल्या. “आता ते मलाच करतात. तुमचा चेक परत आलाय. मी जाऊन घेऊन आले.”

“परत? खात्यात पैसे होते! सगळी साठवण त्यातच होती!”

“पैसे आहेत. सही जुळली नाही.”

“असं कसं? मीच केली की! तुमच्यासमोर केली!”

सासूबाईंनी चष्मा लावला, चेक उजेडाकडे तिरका धरला आणि मग बचतरावांच्या पुढ्यात ठेवला. त्यांच्या त्या काटकसरी दोन अक्षरांखालून एक लांब शेपटी निघून थेट मागे गेली होती.

“नाव तुमचं आहे, जावईबापू. सही माझी आहे,” सासूबाई म्हणाल्या. “पण शेपटी मात्र आता छान जमायला लागलीय हं.”