कडबा गल्लीची ट्रकमोजणी

"ट्रक बंद करायला लागतंय काय? एक अर्ज अन् एक माणूस. अर्ज लिवलाय, अन् माणूस तुमच्यासमोर उभा हाय," असं मलप्पांनी भर चौकात सांगितलं, तेव्हाच गावाने सावध व्हायला पाहिजे होतं. पण गाव कसलं सावध होतंय! गावाने माना डोलावल्या आणि मलप्पांच्या नावावर चहा घेतला.

गाव उदगीर आणि लातूरच्या मधलं. नाव सांगत नाही, आम्हाला तिथंच दिवस काढायचे आहेत. मोंढ्यातून, म्हणजे धान्याच्या बाजारातून, हमरस्त्याला लागायला बाहेरून चांगला ऐसपैस रस्ता आहे, पण तो दोन किलोमीटर लांब पडतो. म्हणून सोयाबीन, तूर, हरभरा भरलेले झाडून सगळे ट्रक कडबा गल्लीतून जातात. गल्ली अशी की समोरासमोर दोन म्हशी आल्या तर एकीला मागं सरावं लागतं. त्या गल्लीच्या ऐन वळणावर मलप्पांचं घर, आणि त्यातल्या स्वयंपाकघराची भिंत रस्त्याला लागून.

त्या भिंतीला तडा गेला होता. ट्रक गेला की फळीवरचे डबे नाचायचे आणि त्यांची बायको बसम्मा एका हाताने दुधाचं पातेलं, दुसऱ्या हाताने तिखटाचा डबा धरून उभ्या राहायच्या.

"आधी तड्यात बोट जात नव्हतं. मग बोट जायला लागलं. आता अख्खा हात जातोय," बसम्मा म्हणाल्या. "एक दिस ही भिंत माझ्या अंगावर यील. मग बसा अर्ज लिवत."

मलप्पांनी चाळीस वर्षं मोंढ्यात मापाडी म्हणून काटा धरला होता. पोत्याला हात लावून वजन सांगणारा माणूस, कुणाला भ्यायला नाही. पण भाकरी थापणाऱ्या बायकोच्या पाठीमागं ती फाटलेली भिंत दिसली की ते उगाच जाऊन भिंतीला हात लावून उभे राहायचे. ट्रक बंद झालेच पाहिजेत, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. त्या भिंतीवर खिळासुद्धा ठरत नव्हता. कॅलेंडर तीनदा वरणात पडलं, तेव्हा बसम्मांनी ते गुंडाळून कपाटावर टाकून दिलं. पुढचं सगळं रामायण त्या गुंडाळीमुळे घडलं, असं आमचं मत आहे.

तर नगरपालिकेची सर्वसाधारण सभा भरली. विषय क्रमांक सात, कडबा गल्लीतली ट्रकची वर्दळ. विषय क्रमांक आठ, महागाईत गरीब घरांना मदत, म्हणजे वर्षाची पाणीपट्टी माफ आणि दर महिन्याला तेल-डाळीचं किट. मलप्पा दोन्ही विषयांसाठी प्रेक्षकांच्या बाकावर पहिल्या रांगेत, धुतलेलं धोतर नेसून आणि कपाळाला ठसठशीत भस्म लावून.

नगरसेवक वीरेश उठले. हे वीरेश म्हणजे चार ट्रकांचे मालक. "गल्ली बंद केली तर गाड्या बाहेरून जातील. डिझेल जादा लागंल. डाळ महागंल. डाळ महागली की गरिबाला मदत जादा द्यावी लागंल. म्हणून गरिबाच्या भल्यासाठी ट्रक गल्लीतूनच गेले पाहिजेत."

गल्लीच्या नगरसेविका उमाबाई ताडकन उठल्या. "अन् गरिबाची भिंत पडली तर? किटातली डाळ काय रस्त्यात शिजवावी का तिनं?"

"भिंत हा विषय पत्रिकेवर नाही."

"तुमचे ट्रक तर हाईत ना पत्रिकेवर?"

हे असं दोन तास चाललं. ट्रकवरून डाळीवर, डाळीवरून भिंतीवर, भिंतीवरून परत ट्रकवर. शेवटी मुख्याधिकारी साहेबांनी टेबलावर पेन आपटलं. साहेब पुण्याकडून दोनच महिन्यांपूर्वी बदलून आलेले, कामाला कडक. ते म्हणाले, "नुसतं बोलून काय होणार? मोजा. एकच माणूस पाठवू, एकाच दिवशी. गल्लीत किती ट्रक येतात तेही मोजेल आणि कुठलं घर खरंच गरजू आहे तेही लिहील. पुढच्या महिन्यात, तीस तारीख."

वीरेशनी मान खाली घातली. हसू लपवायला घातली होती, हे नंतर कळलं. उमाबाई वाद जिंकल्याच्या आनंदात बशीतला चहा फुंकत होत्या. आणि मलप्पा बाकावरून उठून म्हणाले, "तीस तर तीस. साहेब, दिवसाला शंभर ट्रक दाखवतो. एक कमी निघाला तर मला इचारा."

आता मलप्पांचं एक आहे. त्यांच्या डोक्यात दोन कप्पे. एकात सरकारची तारीख, दुसऱ्यात आपली तिथी. मोंढ्यात सगळा कारभार तिथीवर चालतो, अमावस्येला काटा बंद, बाकी दिवस चालू. चाळीस वर्षांत या दोन कप्प्यांचं आपसात बोलणं झालेलं नाही. सरकारच्या कप्प्यात त्यांनी ठेवलं, 'तीस तारखेला मोजणी'. आपल्या कप्प्यात होतं, 'मार्गशीर्षाच्या अमावस्येला येळवस'. नोटीस आली ती त्यांनी महात्मा बसवेश्वरांच्या फोटोमागं सरकवली आणि निवांत झाले.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूर भागातल्या माणसाला ती सांगावी लागत नाही आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. त्या दिवशी गावात माणूस राहत नाही. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या. कडब्याच्या कोपीत म्हणजे खोपटात पूजा मांडायची, रानाभोवती ताक-ज्वारीची आंबील शिंपडायची, आणि पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी हाणून तिथंच आडवं व्हायचं. वाटेने जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं, तो कोण कुठला हे विचारायचं नाही. दुकानं बंद, मोंढा बंद, ट्रक बंद. गावात कर्फ्यू लागल्यागत होतं.

मलप्पांना स्वतःचं शेत नाही. ते आणि बसम्मा दरवर्षी चुलतभाऊ रामलिंगच्या शेतात जातात. यंदाही गेले. दुपारचे बारा वाजले असतील, तिसऱ्यांदा भज्जी वाढून झाली होती, एवढ्यात फोन वाजला.

"मलप्पा काका ना? मी आरती बोलतेय, नगरपालिकेतून. मी सकाळी सातपासून तुमच्या गल्लीत उभी आहे."

"कामून?"

"मोजणीला. आज तीस तारीख."

मलप्पांच्या हातातला उंडा आंबिलीत पडला. ते दोन कप्पे आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांना भेटले.

"मग... मोजा की मॅडम."

"काय मोजू काका? एक ट्रक नाही. एक माणूस नाही. चाळीस घरांना चाळीस कुलपं आहेत. एक कुत्रं आहे, तेही झोपलंय."

"आवो आज येळवस हाय! आज कोण असतंय घरी?"

"साहेबांनी सुट्टी बघूनच तारीख धरली होती. सुट्टीच्या दिवशी लोक घरी सापडतात म्हणाले. कुणी काही बोललंही नाही. मी कोकणातली, मला काय माहीत? संध्याकाळी पाचला मी अहवाल देणार. ट्रक शून्य."

मलप्पा उठले. रामलिंगला हलवलं, तर तो आंबिलीच्या गुंगीत "पुढच्या वर्षी" एवढंच बोलून कुशीवर वळला. बसम्मांना सगळं सांगितलं. बसम्मांनी कपाळावर हात मारला, तोंडभरून नवऱ्याचा उद्धार केला, आणि तेवढ्यात एका डब्यात भज्जी, दुसऱ्यात पोळ्या आणि छोट्या चरवीत आंबील भरून त्यांच्या हातात दिली. "ती पोरगी सकाळपासून उपाशी आसंल. आधी तिला खाऊ घाला, मग काय गोंधळ घालायचा त्यो घाला."

एका हातात चरवी, दुसऱ्या हातात डबे घेऊन मलप्पा हमरस्त्यावर आले. ज्या माणसाने दोन वर्षं देवाजवळ 'ट्रक बंद होऊ दे' एवढंच मागितलं, तो माणूस भर उन्हात रस्त्याच्या मधोमध उभा राहून 'एक तरी ट्रक येऊ दे' म्हणून धावा करत होता. देवाने तरी कुणाकुणाचं ऐकावं.

अर्ध्या तासाने एक ट्रक आला. रिकामा, लातूरला निघालेला. चालक एक सरदारजी, भुकेने कावलेला.

"ताऊजी, उदगीर से सारे ढाबे बंद हैं. आज क्या हो गया यहाँ?"

"आज येळवस है," मलप्पा आपल्या दख्खनी हिंदीत म्हणाले. "तुम मेरी गली में से गाडी लेके चलो. पेटभर खाना मैं देता."

"गली से? हाईवे तो ये रहा."

"हायवे से नको. गली से. दहा बार."

सरदारजीने मलप्पांकडे पाहिलं, मग डब्याकडे पाहिलं, आणि दार उघडलं. मलप्पा वाट दाखवायला केबिनमध्ये शेजारी बसले. जन्मात पहिल्यांदा ट्रकमध्ये बसले होते, आणि खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं.

कडबा गल्लीत आरती मॅडम एका ओट्यावर छत्री उघडून बसल्या होत्या. ट्रक बघून त्या उठून उभ्या राहिल्या. मलप्पांनी खिडकीतून चरवी आणि पोळ्या त्यांच्या हातात दिल्या. "खाऊन घ्या, खाता खाता मोजा. आता रांगच लागंल बगा."

ट्रक गेला. मोंढ्याला वळसा घालून पाच मिनिटांनी परत आला.

मॅडम तोंडातला घास गिळून म्हणाल्या, "काका, नंबर तोच आहे."

"नंबराचं काय घेऊन बसलाव? ट्रक गेला का न्हाई?"

"मला नंबरानं मोजायला सांगितलंय. एक ट्रक, एक नंबर."

मलप्पांचा पारा चढला. चाळीस वर्षं काट्याजवळ काढली, पण असला काटा त्यांनी पाहिला नव्हता. "मग भिंत तर बगाल? ट्रक गेला की भिंत कशी हलती ते तर लिवाल? ठैरो सरदारजी, जरा चिपककर लेव, मॅडम को दिखाना है."

"और कितना चिपकूँ ताऊजी?"

"अजून. अजून थोडा."

सरदारजीने घेतला. मागचा कोपरा भिंतीला नुसता टेकला, जास्त नाही. पण दोन वर्षं तयारीत असलेली भिंत ती. तिने मोठा उसासा टाकला आणि फळीसकट, डब्यांसकट, सगळीच्या सगळी रस्त्यावर येऊन बसली. तिखटाचा लाल ढग उठला. गल्लीतलं कुत्रं शिंकत पळालं.

मॅडमनी आधी तोंडावर पदर धरला, मग वही उघडली. सरदारजी खाली उतरला. आरती मॅडम कडक आवाजात म्हणाल्या, "हे नुकसान कुणी केलं? ट्रक कुणाचा आहे? पोलिसांना कळवावं लागेल."

सरदारजीच्या हातात मलप्पांच्या घरची पोळी होती, अर्धी खाल्लेली. मलप्पांनी ती पाहिली. येळवशीला आपण हाक मारून जेवायला आणलेला माणूस, त्याला आपल्या दारात पोलीस दाखवायचे? बसम्माने तोंड नसतं पाहिलं आयुष्यभर. ते पुढं आले आणि छातीला हात लावून म्हणाले, "त्याला काय बोलू नका. त्यो माझा पाहुणा हाय. ट्रक मी आणला, ट्रक माझाच समजा."

"तुमचा?"

"हाव. माझाच."

मॅडमनी लिहून घेतलं. मुलगी प्रामाणिक, जे ऐकलं ते लिहिलं.

संध्याकाळी बसम्मा परत आल्या तेव्हा त्यांची चूल रस्त्यावरून दिसत होती. त्यांनी रस्त्यावरचे डबे एकेक करून आत नेले. मग एवढंच म्हणाल्या, "बरं झालं, मी घरी नव्हते." मलप्पांना त्या वेळी रडूच आलं, पण त्यांनी तिखटाचं निमित्त सांगितलं.

पुढच्या महिन्यात सभेत अहवाल वाचला गेला. साहेबांनी चष्मा लावून सावकाश वाचला.

"विषय आठ, घरांना मदत. कडबा गल्लीतील चाळीस कुटुंबं पाहणीच्या दिवशी सहकुटुंब मेजवानीस बाहेरगावी गेलेली आढळली. सबब महागाईची झळ दिसून येत नाही. अर्जदार मलप्पा यांच्याकडे स्वतःच्या मालकीचा एक ट्रक असल्याने ते कायमचे अपात्र."

गल्लीतली चाळीसच्या चाळीस घरं मागच्या बाकांवर बसली होती. सगळ्यांनी एकदम मलप्पांकडे पाहिलं. उमाबाईंनीसुद्धा पाहिलं, आणि त्यांचं बघणं सगळ्यात वाईट होतं.

"आता विषय सात, ट्रकबंदी," साहेब म्हणाले. मलप्पांनी मान वर केली. "दिवसभरात गल्लीतून एकच ट्रक गेला, व त्याच ट्रकने भिंत पाडली. बाब गंभीर आहे. सदर क्रमांकाच्या ट्रकला कडबा गल्लीत कायमची बंदी घालावी, असा ठराव मांडतो."

वीरेशनी सगळ्यात आधी हात वर केला. ठराव एकमताने मंजूर झाला, बाकं वाजली, आणि साहेबांनी स्वतः उठून मलप्पांचं अभिनंदन केलं. "काका, तुम्ही मागितलेली ट्रकबंदी मिळाली बघा."

मलप्पा ठरावाची नक्कल घेऊन घरी आले. भिंतीच्या जागी ताडपत्री टांगली होती. बसम्मा भाकरी थापत होत्या आणि बाहेरून सोयाबीनचा ट्रक ताडपत्री फडफडवत गेला. चालकाने आत बघून नमस्कार केला, बसम्मांनीही पिठाच्या हाताने केला. रोजचीच ओळख झाली होती.

"काय झालं सभेत?" त्यांनी विचारलं.

"बंदी मंजूर झाली," मलप्पा म्हणाले.

"कुणाला?"

मलप्पांनी कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "आपल्याच ट्रकला."