एक बैल कमी

लग्नाची पत्रिका द्यायला गेलं की भुजंगराव आधी ती वाकवून बघतात. नवरी कुठली, मुहूर्त कधी, सगळं नंतर. पुठ्ठा जाड निघाला की विचारतात, "लग्न झाल्यावर उरतील का हो काही?" आमच्या हट्टा गावात कुणाचं लग्न मोडलं तर लोक मुलीच्या बापाला धीर द्यायला जातात. हे उरलेल्या पत्रिका मागायला जातात. एकदा तर मार खाता खाता वाचले.

त्या पत्रिका कापून त्यांनी पत्त्यांचा एक खेळ बनवलाय. गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या माणसानं एखादी म्हैस पाळावी, पण छे! सुरुवातीला सगळ्यांना सारखेच दहा फालतू पत्ते, खुरपी आणि घमेली. मधे बाजार मांडलेला. पाळी आली की हातातल्या पत्त्यांच्या जोरावर बाजारातून नवा पत्ता घ्यायचा आणि आपल्या गड्डीत मिसळायचा. शेवटी ज्याची रास, म्हणजे गुणांची बेरीज, मोठी, तो जिंकला. "येकट्या पत्त्याला काय किंमत न्हाई सर," हे त्यांचं पालुपद, "जोडी जमली पायजे." नांगर एकटा आला तर हातात अडकून बसतो, बैलासोबत आला की रास दुप्पट. हळदीला कढई आणि ऊन दोन्ही लागतात. तोवर हळदवाला रडत बसतो आणि मग एका फेरीत सगळ्यांना झोपवतो.

माणूस बघून ते डाव बेततात. मला म्हणाले, "तुमी सोयाबीनवाले. झटपट पायजे, धीर न्हाई तुमाला." पंचवीस वर्षं शाळेत पोरं सांभाळली, आणि मला धीर नाही म्हणे! खेळ संपला की पत्ते मोजायचे. एक जरी कमी भरला तर कुणाला उठू देत नसत. एकदा माझा खिसा तपासला, तोही माझ्या बायकोसमोर.

या खेळात कायम हरायच्या त्या गयाकाकू, भुजंगरावांच्या पत्नी. आपला पत्ता दुसऱ्याला द्यायची सोय नियमात होती. ती दुसरं कुणी वापरत नसे. काकू दर फेरीला वापरायच्या. चांगला बैल आला की माझ्याकडे सरकवायच्या. "सराकडं नांगर हाय, बैल न्हाई. मी काहून ठिवू?"

भुजंगराव कपाळावर हात मारायचे. "अगं, डाव मांडलाय, भंडारा न्हाई!"

मग काकूंना कॅन्सर निघाला. नांदेडच्या डॉक्टरांनी चार महिने उपचार केले आणि मग घरी न्यायला सांगितलं. खाटेवर पडल्या पडल्या त्या एकदा म्हणाल्या, "येकदा तरी मी जितायला पायजे होतं." एवढंच. भुजंगरावांनी ते धरून ठेवलं.

"मुद्दाम हरा की काका," मी म्हणालो. ते भडकलेच. "चाळीस वर्सं झाली, माझी येक थाप तिला पचली न्हाई. ती जशी खेळती तसंच खेळून जितली पायजे."

म्हणून त्यांनी 'वाण' नावाचा पत्ता काढला. संक्रांतीला बायका वाण लुटतात, तसा. तो गड्डीत असला की जितके पत्ते दुसऱ्याला द्याल तितकी तुमची रास वाढणार. पहिल्याच डावात मी माझी सगळी खुरपी-घमेली लोकांच्या गळ्यात मारली आणि जिंकलो. भुजंगरावांनी तो पत्ता टराटरा फाडला. "हे देणं न्हाई सर, घर झाडणं हाय. मागच्या वर्साच्या प्लास्टिकच्या वाट्या पुढं ढकलल्यावानी." दुसरा केला, तिसरा केला. तिकडे काकूंना घोटभर पाणी गिळवेना, आणि हा माणूस त्यांच्या उशाशी पत्रिका कापत बसलेला. गाव म्हणायचं, म्हातारा बिघडला. मीही म्हणालो, खोटं कशाला बोलू?

शेवटी नियम सापडला. दिलेला पत्ता समोरच्यानं खेळला, त्याच्या कामी आला, तरच देणाऱ्याची रास वाढणार. सकाळी मला ते सांगायला धावत आले. त्यांच्या मागोमाग शेजारीण आली. काकू गेल्या होत्या.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. तीन जागी पत्ते वाटून ठेवले होते. "तिचे मी खेळतो. ती काय देणार, मला ठावं हाय." दुसऱ्याच फेरीत काकूंच्या गड्डीतला बैल माझ्याकडे आला. शेवटच्या फेरीला तो नेमका माझ्या हातात, सोबत नांगर. ती जोडी खेळलो तर मी भुजंगरावांच्या पुढे जाणार होतो, आणि काकू माझ्याही पुढे. मी त्यांच्याकडे बघितलं.

"माझ्याकडं बघू नका. तुमच्या कामाचा असंल तरच खेळा."

कामाचा होता, देवाशपथ. मी बैल टाकला. भुजंगरावांनी काकूंची रास मांडलेल्या कागदावर रेघ ओढली, "जितलीस बघ," म्हणाले आणि बाहीत तोंड घालून रडले. मलाही आवरलं नाही.

पत्ते गोळा करताना मी बैल पुढे केला. त्यांनी माझा हात मागे सारला. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. तिनं देलेलं मी काहून परत घिऊ?"

"आणि तुमच्या खेळातला हा नांगर?"

"ऱ्हाईल येकटा."

मग सवयीप्रमाणे त्यांनी पत्ते मोजले. एक कमी भरला. तरी त्यांनी मला उठू दिलं.