पट एकवीस

मुलाणी गुरुजींनी फळ्याखाली पन्हळ ठोकली होती. कौलांच्या कडेला पावसाच्या पाण्यासाठी लावतात तसली, पत्र्याची, फक्त लहान. फळा पुसला की खडूची पूड पन्हळीत पडायची आणि उतारावरून घसरत कोपऱ्यातल्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात जायची. दर शनिवारी गुरुजी तो डबा कानाशी धरून हलवायचे आणि गंभीर चेहऱ्याने जाहीर करायचे, "चार खडू निगतील."

टाकवे बुद्रुकच्या पुढं, आंदर मावळात आमची वाडी. चौथीपर्यंतची सरकारी शाळा, शिक्षक दोन. तिसरी-चौथी गुरुजींकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. मी रोज लोणावळ्याजवळच्या वलवणहून स्कूटीवर यायचे, कान्हे फाट्यापर्यंत हायवेने आणि पुढं देवाच्या भरवशावर. पहिल्याच दिवशी मी फळा पुसला आणि डस्टर खिडकीबाहेर झटकलं. गुरुजी वर्गात बोलत होते ते थांबले.

"बाई, अर्धा खडू उडवला तुमी."

"गुरुजी, कचरा होता तो."

"कचरा न्हाई. जागा चुकलेला खडू."

जगात कचरा नावाची वस्तूच नाही, सगळ्या वस्तू आहेत, फक्त जागा चुकलेल्या आहेत, असं त्यांचं तत्त्वज्ञान होतं. वर्षअखेरीस मुलांच्या वह्यांमधली कोरी पानं काढून, दाभणाने शिवून ते नव्या वह्या करायचे. एका वहीत चौकट, दुरेघी, कोरं, सगळं एकत्र. मुलं तिला 'मिसळ वही' म्हणायची. झिजलेल्या दोन झाडूंचा एक झाडू व्हायचा. मी डब्यातल्या पोळीचा काठ टाकला तरी मान हलायची. "जाया न्हाई जाऊ द्यायचं, बाई." खरं सांगते, पहिले सहा महिने मला हा माणूस चिक्कू वाटायचा, आणि मी ते स्टाफ मीटिंगमध्ये बोलूनही दाखवलं. स्टाफ मीटिंग म्हणजे आम्ही दोघंच. त्यामुळे ते कुणाला उद्देशून होतं हे लपलं नाही.

मग शाळेचं अनुदान आधी उशिरा यायला लागलं, पुढच्या वर्षी निम्मं आलं आणि त्यानंतर नुसतं 'येईल' असं कळवलं जाऊ लागलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हा माणूस चिक्कू नव्हता, आधीपासून सराव करत होता.

दुसऱ्या खोलीचं छत गळायला लागलं. दुरुस्तीसाठी आम्ही पत्र लिहिलं. 'निधीअभावी विचार करता येत नाही' असं उत्तर आलं. मग चारही वर्ग एका खोलीत. मुलं पाठीला पाठ लावून बसायची, माझी पूर्वेच्या फळ्याकडे तोंड करून, गुरुजींची पश्चिमेच्या. तोंडं दोन दिशांना असली तरी कान काही वाटून देता येत नाहीत. मी पहिलीतल्या आरोहीला विचारलं, "क कशाचा?" तर ती तडफेने म्हणाली, "कृष्णा नदीचा, उगम महाबळेश्वर."

निधी नाही म्हणून आलेली पत्रं मात्र गुरुजींनी जपून ठेवली. कागद पाठकोरे होते ना! चाचणी परीक्षेच्या प्रश्नपत्रिका त्याच पाठीवर हाताने लिहिल्या. मुलं आधी पुढची बाजू वाचायची. चौथीला 'तुम्हाला आवडेल तो शब्द वाक्यात वापरा' असा प्रश्न होता. एकाने लिहिलं, 'निधीअभावी आमच्या कोंबडीने अंडे दिले नाही.' गुरुजींनी पैकीच्या पैकी मार्क दिले.

आता खडूच्या कारखान्याकडे येते. डब्यात साठलेल्या पुडीचे गुरुजी पुन्हा खडू पाडायचे. साचा म्हणजे जुन्या पेनांच्या नळ्या. पहिल्या वर्षी त्यांनी पुडीत तांदळाची पेज घातली. खडू सुंदर झाले. मुलांनी भिंतीच्या खालच्या काळ्या पट्ट्यावर पाढे लिहिले आणि मधल्या सुट्टीत खिचडी करणाऱ्या हौसामावशींच्या कोंबड्या येऊन नवाचा पाढा टिपून गेल्या. गुरुजींनी ती मोकळी जागा बघितली. "आवघड पाढा निवडला, बगा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या वर्षी पेज रद्द झाली. आमच्याकडे डोंगरउतारावर मुंबईकरांचे बंगले बांधायचं काम बारा महिने चालू असतं. तिथल्या रंगाऱ्याकडून गुरुजींनी भिंतीला लावायची पुट्टी आणली, फुटलेल्या गोणीतली, टाकून देणार होते ती. पुडीत ती कालवून सात खडू पाडले. पांढरेशुभ्र, गुळगुळीत, विकतच्याला लाजवतील असे. तो जुलैचा शुक्रवार होता, शाळेत अंडं मिळण्याचा दिवस. असतील शितं तर जमतील भुतं, तसा शुक्रवारी आमचा पट शंभर टक्के हजर असायचा. गुरुजींनी नव्या खडूचा पहिला मान फळ्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्याला दिला. प्रत्येक शाळेत तिथं पट आणि हजेरी लिहितात. एकूण किती मुलं ती पटसंख्या, आलेली किती ती हजर. त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: पट २१, हजर २१.

फळा भिंतीतच केलेला, सिमेंटचा. पावसाने पार ओल धरलेली. पुट्टीला आणखी काय पाहिजे? सोमवारी गुरुजी पुसायला गेले तर आकडे जागचे हलेनात. ओलं फडकं झालं, नारळाची शेंडी झाली, मावशींची तारेची घासणी झाली. भिंतीतला खिळा हलला, एकवीस हलला नाही. काळा रंग देण्यासाठी आम्ही पत्र पाठवलं. गुरुजींना आणखी एक पाठकोरा कागद मिळाला.

पुढं शुक्रवारची अंडी बंद झाली. कारण तेच, आता ते पहिलीतली मुलंही सांगायची. आणि ऑगस्टमध्ये तिसरीतला कार्तिक आणि दुसरीतली त्याची बहीण दाखला घेऊन गेली. त्यांच्या वडिलांना सोमाटण्याकडे कंपनीत कंत्राटी काम लागलं होतं. पट एकोणीस झाला. वाचणाऱ्याला वाटेल, दोन मुलांनी असा काय फरक पडतो? आमच्याकडे वीसच्या खाली पट गेला की दुसऱ्या शिक्षकाचा खर्च परवडत नाही असं ठरतं, आणि दोघांतला एक शिक्षक 'अतिरिक्त' होतो. मग जिथं जागा रिकामी असेल तिथं त्याला पाठवतात.

सप्टेंबरअखेर केंद्रप्रमुख साहेब पट मोजायला आले. आसपासच्या दहा-बारा शाळा त्यांच्याकडे. माणूस वाईट नाही, पण नियमाला भिणारा. त्यांनी फळा बघितला, हजेरीपत्रक बघितलं आणि चष्मा काढला.

"गुरुजी, इथे एकवीस, तिथे एकोणीस. खरं काय?"

"फळा खोटं न्हाई बोलत, साहेब. जुनं बोलतोय एवडंच."

साहेबांनी स्वतः रुमाल काढून घासून बघितलं. रुमालाचं सूत निघालं. मग ते पोरांकडे वळून मोजायला लागले, तेवढ्यात आरोही उभी राहिली. ती आता दुसरीत गेली होती आणि मोजायची तिला फार हौस. "येकवीस बराबर हाय, सायेब. येकोणीस पोरं, येक बाई, येक गुर्जी."

हे गणित गुरुजींचंच. आकडा पुसता येत नाही म्हटल्यावर त्यांनी तो खरा करून घेतला होता. रोज सकाळी आरोहीने मोजायचं आणि आम्ही दोघांनी मुलांबरोबर 'हजर' म्हणायचं. मला लाज वाटायची, पण म्हणायचे. साहेब हसले, पण हजेरीपत्रकाखाली त्यांनी एकोणीसच लिहिलं.

सेवेत मी कनिष्ठ, त्यामुळे अतिरिक्त ठरणार ती मीच. जागा रिकामी होती ती भोरच्या टोकाला. घरी तीन वर्षांची मुलगी, नवऱ्याची शिफ्ट ड्यूटी. मी कुणाला काही बोलले नाही, पण चार दिवस माझा आवाज वर्गात चढलेला होता. एका मुलाला उगाच रागावलेही. गुरुजींनी त्याला जवळ बोलवून मिसळ वही दिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "अतिरिक्त म्हंजी काय हो, बाई? जागा चुकलेला. दुसरं काय न्हाई."

पंधरा दिवसांनी आदेश आला. मी घाईने उघडला आणि आत नाव होतं मुलाणी गुरुजींचं. शाळाही कुठली, तर सोमाटण्याची, हायवेलगतची मोठी. गुरुजींचं घर सोमाटण्यातच.

माणसाचं मन किती लवकर वाकडं चालतं बघा. सुटल्याचा आनंद पुरता झाला नाही तोवर मला वाटलं, यांनी वशिला लावला! निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, घराजवळची शाळा मिळवली, आणि चार वर्ग माझ्या गळ्यात घातले. मी म्हटलंसुद्धा, "बरं झालं की, गुरुजी. अगदी घराजवळ."

"व्हय," ते म्हणाले. "घर हाय तितं."

मग पन्हळ पुन्हा घट्ट ठोकायला हातोडी शोधू लागले.

निरोपाच्या दिवशी नारळ आणि टॉवेल दिला. गुरुजींनी टॉवेलाची पिशवी बघून "ही लय कामाची हाय" म्हणून आधी पिशवीचीच घडी केली. ते गेल्यावर केंद्रप्रमुख साहेब मला म्हणाले, "बाई, नशीबवान आहात. भोरला तुमचंच नाव निघालं होतं. गुरुजींनी लेखी दिलं, 'मी ज्येष्ठ असलो तरी मला अतिरिक्त धरावे.' मग ज्येष्ठ म्हणून त्यांना सोमाटण्याची नुकतीच रिकामी झालेली जागा दाखवली. मी म्हटलं, 'चला, तुमचीही सोय झाली.' तर पाठकोरे कागद आहेत का, विचारायला लागले."

मला तिथं उभं राहवेना. मागे चुलीपाशी गेले तर हौसामावशी डोळे पुसत होत्या, म्हणे धुरानं. चूल विझलेली होती.

"कसली सोय, बाई?" त्या म्हणाल्या. "वैनी गेल्यापास्नं चार वरसं गुर्जी त्या घरात झोपलं न्हाईत. म्हून तर हितं वाडीत खोली घेतलती. रयवारी जायाचं, कुलूप काडायचं, झाडून घ्यायचं, आन सांजच्याला हितं माघारी. पोरांच्या आवाजाबिगर त्यास्नी झोप न्हाई लागत, म्हनायचं."

चार वर्षं मी त्या माणसाबरोबर डबा खाल्ला होता आणि हे मला माहीत नव्हतं. वाडीतली खोली मी गाडीभाडं वाचवायला घेतलेली समजत होते. पोळीच्या काठावरून झालेलं भांडण तेवढं लक्षात होतं.

सोमवारपासून चारही वर्ग माझे. पाठीला पाठ लावायचं कारण उरलं नाही. सगळी एकोणीस मुलं एका दिशेला, गुरुजींच्या फळ्याकडे तोंड करून बसली. चौथीला अपूर्णांक सांगेपर्यंत पहिली चिखलात जायची, पहिलीला आत आणेपर्यंत चौथी खिडकीत. अधूनमधून ऑनलाइन माहिती भरायची. आरोही रोज मोजायची आणि रोज तेच सांगायची, "येकोणीस पोरं, येक बाई. ईस. येक कमी हाय, बाई."

"असू दे गं," मी म्हणायचे.

शनिवारी सकाळची शाळा. साडेअकराला सुट्टी दिली, पण दप्तरं भरून मुलं जागची उठेनात. कुणी सांगितलं होतं, कुणास ठाऊक. बाराच्या पुढं माणसं कोंबलेली वडापची जीप थांबली आणि गुरुजी उतरले. टॉवेलाच्या पिशवीत श्रीखंडाचा डबा होता, काठोकाठ भरलेला.

"तितं लय पूड उडती, बाई. मोटे वर्ग, आन कुणी धरतच न्हाई," ते दारातूनच म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना माझ्या कानावर काय आलंय ते कळलं असावं, कारण घाईघाईने पुढं बोलले, "मंजी तसं काय न्हाई. शनवारची दुपार अतिरिक्त पडती मला. म्हटलं, जाया कशाला घालवायची?"

आरोही उठली होती. एकेकाच्या डोक्यावर बोट ठेवत ती मोजत आली, माझ्या पदराला हात लावला, दारात जाऊन गुरुजींच्या पिशवीला हात लावला आणि ओरडली, "येकवीस!"

"हजर," गुरुजी म्हणाले.

मग डस्टर उचलून, आमच्याकडे पाठ करून ते फळा पुसायला लागले. फळा मी मघाशीच पुसला होता. तरी ते बराच वेळ पुसत राहिले. पन्हळीत काही पडत नव्हतं.