कुणाच्या राजाला कुणाची राणी

शिवलीला मिसला बालवर्गाची नोकरी मिळाली ती एका अटीवर. दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत एका जरी घरून तक्रार आली, तर खेळातून शिकवणं बंद आणि मिसही बंद. पद्मजा हेडमिसचं म्हणणं सरळ होतं. "खेळायला तर घरी फुकट मिळतं. लोक फी भरतात ते पाटी गिरवायला."

सुट्टी तोंडावर आली तरी तक्रार आली नव्हती. त्या भरात शिवलीलाने मुलांना सांगितलं, "उद्या घरून 'ग'च्या आवाजाची एक वस्तू आणा." तिच्या डोक्यात कानडी गंटे होती, म्हणजे घंटा, फार तर गाळिपट, म्हणजे पतंग. म्हैसूरच्या त्या अग्रहारात, जुन्या ब्राह्मण आळीत, नवरात्र बसलं होतं आणि घरोघर पायऱ्यांवर गोंबे, म्हणजे बाहुल्या मांडल्या होत्या. शिवलीला पडली रायचूरकडची, तिकडे ही रीत नाही. एकदा बसवलेली गोंबे दसऱ्यापर्यंत जागची हलवायची नसते, हे तिला कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी दप्तरांतून, डब्यांच्या पिशव्यांतून राजे-राण्या निघाल्या. तांबड्या लाकडाची ही जोडी मुलीला लग्नात माहेरून मिळते आणि मांडणीत पहिला मान तिचाच असतो.

"एकच वस्तू सांगितली होती ना?" मिसने विचारलं.

"राजा एकटा कसा येईल, मिस?" हंसिनी म्हणाली. "राणी रागावते."

मिस हरखून गेली. एवढं साहित्य मागितलं असतं तर हेडमिसनी तिलाच विकायला काढलं असतं. आधी सगळ्यांनी "ग, ग, गोंबे" करून वर्ग दणाणून सोडला. मग रंग शिकायला बाहुल्यांची रेशमी वस्त्रं उतरवून लाल, हिरवे, पिवळे ढीग केले. मग राजे एका बाकावर, राण्या दुसऱ्या बाकावर, बुटक्यापासून उंचापर्यंत. गणित इतकं छान चाललं होतं की डबा खायची आठवणही कुणाला झाली नाही.

दुपारी स्कंदाची आजी कनकलक्षम्मा मांडणीला फूल वाहायला गेली, तर राजा-राणीची जागा रिकामी! ती किंचाळली, शेजारच्या आजीने आपली मांडणी पाहिली, ती तिच्यापेक्षा मोठ्याने किंचाळली. थोड्याच वेळात अख्ख्या गल्लीतल्या आज्या वर्गाच्या दारात उभ्या होत्या.

"अय्यो देवा! नवरात्रात राजाला उघडा बसवलाय!"

"माझा कुठला गं यातला?"

"तो सोड, तो माझा!"

"तुझा कसा? तुझ्या राजाला एवढं पोट होतं का?"

आवाज ऐकून हेडमिस आल्या. बाकांवरचं दृश्य पाहून त्यांचा चेहरा शांत झाला. "म्हणजे तक्रार आलीच," त्या म्हणाल्या. रायचूरची गाडी आणि वडिलांचं "सांगितलं होतं तुला" शिवलीलाला एकदमच दिसलं.

"थांबा, अम्मा," ती कशीबशी म्हणाली. "मुलं लावतील जोड्या. मुलांनो, ज्याची उंची जुळते आणि पायाखालची बैठक सारखी, तो तिचा."

मुलं कामाला लागली. गोल बैठकीला गोल, चौकोनीला चौकोनी. आज्या आपापल्या जोड्या ओळखून पदराखाली घेऊ लागल्या. शेवटी हंसिनीने एका राजाशेजारी नाकाचा टवका उडालेली राणी ठेवली, तशी कनकलक्षम्मा उसळली.

"ए पोरी! ती माझी राणी. आणि तो राजा तुझ्या आजीचा, जयम्माचा."

"पण अज्जी, ह्याच्या पायाखाली कमळ आहे. हिच्याही आहे. तुमच्या राजाच्या खाली नुसता पाट आहे."

"तिला काय कळतंय?" कनकलक्षम्मा म्हणाली.

"कळतंय तेच सांगतेय ती," जयम्मा बोलली आणि बाकीच्या आज्या आपापल्या जोड्या सोडून वळून बघू लागल्या. कारण या दोघी सख्ख्या जावा, आणि वाटणी झाल्यापासून एकमेकींशी चकार शब्द बोलल्या नव्हत्या.

दोघींनी बाहुल्या उलट्या करून पाहिल्या. वाटणीच्या दिवशी भांडीकुंडी रागारागाने पोत्यांत कोंबली होती, तेव्हाच राण्यांची अदलाबदल झालेली. इतकी वर्षं एकीच्या माहेरची राणी दुसरीच्या घरी आरती घेत होती!

"तरीच माझी राणी नेहमी वाकडी उभी राहायची," जयम्मा म्हणाली.

"आणि माझी? शेजारच्या राजाच्या डोक्यावरून बघायची मेली," कनकलक्षम्मा म्हणाली, आणि दोघी हसल्या. आधी तोंडावर पदर घेऊन, मग पदराबिदराची पर्वा न करता. त्यांचं हसणं ऐकून शिवलीलाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते भीतीचं की आनंदाचं हे तिचं तिलाच कळेना.

हेडमिस खाकरल्या. "तुमची तक्रार काय समजायची, कनकलक्षम्मा?"

"आहे ना तक्रार." कनकलक्षम्मा गंभीर झाली. "ही मिस माझ्या वडिलांना का नाही भेटली? जोडी लावण्याआधी उंची तरी बघितली असती. सगळा जन्म आमच्या ह्यांच्या टकलाशी बोलण्यात गेला माझा."

आज्या बाहुल्यांना वस्त्रं चढवून घेऊन गेल्या. दोन जावा एकाच छत्रीखालून गेल्या. वर्गात रेशमी धागे तेवढे उरले. हेडमिस रिकामे बाक सरळ करू लागल्या.

"सुट्टीनंतर कुठलं अक्षर?" त्यांनी विचारलं.

शिवलीलाचा विश्वासच बसेना. "'च' घेऊ म्हणत होते, मिस. मुलं घरून चमचे आणतील."

"'च' अजिबात नको," हेडमिस घाईघाईने म्हणाल्या. "आपल्याकडे सोन्याला चिन्न म्हणतात."